लेकराला घेऊन जत्रेला

मराठवाड्यात मुलाला आपल्या गावाबाहेरचे मोठे जग पहिल्यांदा दिसते ते बहुधा जत्रेत. लग्नकार्यात ते नातेवाइकांच्या घोळक्यात असते आणि आठवडी बाजारात आईबाप आपल्या कामात असतात. जत्रेचा दिवस मात्र लेकरासाठी म्हणूनच काढलेला असतो. देवदर्शन, खरेदी, खाऊ, पाळणे आणि अनोळखी माणसांची गर्दी हे सारे त्याला एका मैदानात भेटते, आणि निवड करणे, हिशेब ठेवणे, भीती गिळणे, गर्दीत हात न सोडणे हे तिथेच त्याच्या अंगवळणी पडू लागते. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले चुडावा हे गाव धरून या दिवसाचा माग घेतला, तर जत्रा कशी बसते आणि कशी चालते याचाही उलगडा होतो.

कोणती जत्रा, कधी

चुडावा हे पूर्णा आणि नांदेड यांच्यामधले रेल्वेस्थानक. पूर्णा हे जंक्शन. तिथून एक फाटा परभणीकडे, दुसरा वसमत-हिंगोलीमार्गे अकोल्याकडे जातो. त्यामुळे गावोगावच्या लहान जत्रांखेरीज तीन मोठे मेळे या गावाच्या आवाक्यात येतात.

पहिला मेळा हिंगोलीच्या दसऱ्याचा. रामलीला आणि तिला जोडून भरणारे प्रदर्शन हे त्याचे स्वरूप. दीडशे वर्षांहून जुनी अशी या उत्सवाची परंपरा आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर हा मेळा परभणी जिल्ह्यातलाच होता. दुसरी माळेगावची खंडोबाची यात्रा. माळेगाव नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यात, नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवस्वारी निघते आणि यात्रेला तोंड लागते. इंग्रजी महिन्यांत ही तिथी डिसेंबरात किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येते. तिसरा परभणीचा हजरत तुराबुल हक शाह यांचा उरूस. तो फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात भरतो, आणि दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघेही चादर चढवायला येतात.

तिन्ही मेळे पावसाळा संपल्यापासून उन्हाळा लागेपर्यंतच्या काळात पडतात, हा योगायोग नव्हे. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन निघते, डिसेंबरापर्यंत कापसाच्या वेचण्या होतात. घरात रोख पैसा येतो, शेतातल्या कामाला थोडी उसंत मिळते, रस्ते कोरडे असतात आणि मोकळ्या रानात तंबू ठोकता येतो. माळेगावची यात्रा वेळ अमावास्येला लागून येते. त्या दिवशी लातूर-नांदेडकडचा शेतकरी सगळे घर घेऊन रानात पूजा-जेवणाला जातो. म्हणजे शिवारात जेवण आणि शिवाराबाहेर जत्रा, असा दोन्ही सणांचा जोड लागतो.

वाट आणि तिकीट

जत्रेचा दिवस पहाटे सुरू होतो. चुडाव्याहून माळेगावला जायचे तर नांदेडपर्यंत पॅसेंजर आणि पुढे एसटी, असा सोयीचा मार्ग आहे. यात्रेच्या दिवसांत एसटी जादा गाड्या सोडते. पूर्वी हाच प्रवास बैलगाडीने होई. मुक्कामाची शिदोरी, पांघरुणे आणि बैलांचा कडबाही गाडीत असे. आता जीप, टमटम आणि मोटारसायकली त्या वाटेवर दिसतात.

तिकिटाचा हिशेब ध्यानात घेण्यासारखा आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत आणि एसटीत तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे लागते. मार्च २०२३ पासून महिलांनाही एसटीत निम्मेच भाडे आहे. त्यामुळे आठ वर्षांच्या मुलाला घेऊन निघालेल्या आईला एसटीत दोघांचे मिळून एकच पूर्ण तिकीट पडते. पंचाहत्तरी ओलांडलेली आजी सोबत असेल तर तिचा एसटीचा प्रवास फुकट. वाचलेला पैसा पाळण्याच्या रांगेत जातो.

मैदानाची मांडणी

बाहेरून जत्रा विस्कळीत वाटते, पण तिच्या मांडणीत एक क्रम असतो. देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर नारळ, फुले, भंडारा, साखरफुटाणे यांची दुकाने. त्यानंतर मिठाई आणि भज्यांच्या भट्ट्या. पुढे बांगड्या, भांडी, घोंगड्या, शेतीची अवजारे. मोकळ्या बाजूला पाळणे आणि खेळांचे तंबू, कारण त्यांना जागा आणि आवाज दोन्ही जास्त लागतात. सगळ्यात बाहेर, पाणी आणि चारा असेल तिथे जनावरांचा बाजार. जागेचे भाडे ठरवून किंवा लिलाव करून दिले जाते. देवळाच्या वाटेवरची जागा महाग, कडेची स्वस्त. खेळण्यांची दुकाने मिठाईच्या आणि पाळण्याच्या मध्ये असतात. जाताना मुलाने खेळणे पाहावे आणि येताना घ्यावे, हा दुकानदाराचा आडाखा असतो.

आधी देव

सोबत मूल असले तरी बहुतेक घरे आधी दर्शन उरकतात. माळेगावात 'येळकोट येळकोट जय मल्हार'चा गजर होतो, भंडारा उधळला जातो, आणि थोड्याच वेळात मुलाचे कपाळ, केस आणि सदरा पिवळा होतो. भंडारा म्हणजे हळदीची पूड. वसमत-हिंगोली-नांदेडचा हा टापू हळदीच्या पिकाचा आणि बाजाराचा आहे. शेतात जी हळद मूल कंदाच्या रूपात पाहते, तीच इथे देवाच्या अंगावर दिसते. लहानग्याच्या डोळ्यांत पूड जाऊ नये म्हणून उधळणीच्या वेळी त्याचे तोंड आई पदरात घेते.

वाघ्या-मुरळी, गोंधळी, पोतराज यांना मूल बहुधा पहिल्यांदा इथेच पाहते. वाघ्याच्या गळ्यातली भंडाऱ्याची पिशवी, हातातली दिमडी, मुरळीच्या हातातली घोळ ही त्याच्या कुतूहलाची पहिली ठिकाणे.

जनावरांचा बाजार

माळेगावची खरी ओळख जनावरांच्या बाजाराने आहे. घोडे, गाढवे, उंट, कुत्री आणि मुख्यतः गायी-बैल इथे विकायला येतात. नांदेड जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने कृषी आणि पशुप्रदर्शनही भरते. या भागातल्या दोन तालुक्यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन जाती इथे शेजारी शेजारी दिसतात. कंधारची लाल कंधारी एकरंगी, गडद तांबडी असते. देवणीच्या गोवंशात तीन प्रकार मानतात: तोंडाच्या बाजू काळ्या असलेला वानेरा, पांढरा बालंक्या आणि अंगभर वेडेवाकडे काळे ठिपके असलेला शेवेरा.

शेतकरी बाप मुलाला बैल दाखवतो तो दातांपासून. गाय-बैलाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या जबड्यात आठ असतात. दुधाचे दात पडून कायमचे दात जोडीजोडीने येतात. पहिली जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांत येते. पुढच्या तीन जोड्या साधारण वर्षावर्षाच्या अंतराने येत जातात. कायमचा दात न आलेला गोऱ्हा अदात, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठही दात आले की बैल जुळला. खालचा ओठ बोटांनी खाली ओढून एका नजरेत वय सांगणारा बाप मुलाला त्या क्षणी मास्तरापेक्षा मोठा वाटतो.

सौद्याची पद्धतही पाहण्याजोगी. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालतात आणि बोटे दाबून भाव सांगतात. भोवती माणसे उभी असूनही आकडा दोघांतच राहतो. किती बोटे दाबली यावर किती हजार हे ठरते. सौदा फिसकटला तरी मालकाने किती मागितले होते हे दुसऱ्या गिऱ्हाइकाला कळत नाही.

पाळणा का फिरतो, पोटात गोळा का येतो

जत्रेतली मुलाची मुख्य मागणी पाळण्याची. उभा फिरणारा पाळणा फार जुना आहे. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले याने १६१५ मध्ये इस्तंबूलला अशा चक्रात बसल्याचे लिहून ठेवले, आणि इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने १६२० मध्ये आजच्या बल्गेरियातल्या प्लोवदिव्ह इथे तसाच पाळणा पाहिला. लोखंडाचा अवाढव्य पाळणा जगाला दाखवला तो जॉर्ज फेरिस या अमेरिकन अभियंत्याने, १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात. त्याची उंची सुमारे ८० मीटर होती. ३६ डबे होते आणि एका डब्यात ६० माणसे बसत.

गावच्या जत्रेतला जुना पाळणा याच्या मानाने अगदी साधा: दोन खांब, मध्ये आडवा आस, चार लाकडी पेट्या, आणि हाताने ढकलणारे दोन गडी. आजचा आकाशपाळणा लोखंडी तुकड्यांनी ट्रकमधून येतो आणि बोल्टांनी जोडला जातो. इंजिन किंवा मोटर फिरते, आणि पट्ट्याने किंवा घासणाऱ्या टायरने ती गती चाकाच्या कडेला मिळते. पेट्या आसावर मोकळ्या टांगलेल्या असतात, म्हणून चाक कितीही फिरले तरी माणूस सरळच राहतो. पाळणेवाला गिऱ्हाईक भरताना एक पेटी भरून चाक अर्धे फिरवतो आणि समोरची पेटी भरतो. एकीकडे भार आणि दुसरीकडे रिकामे असे झाले तर जड बाजू खाली ओढली जाते आणि यंत्रावर ताण येतो.

पोटात गोळा येतो त्याचे कारण गणितात सापडते. समजा चाकाची त्रिज्या ६ मीटर आहे आणि एक फेरा १० सेकंदांत पुरा होतो. अशा वेळी बसणाऱ्याला सतत केंद्राकडे वळवण्यासाठी जो जोर लागतो, तो त्याच्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा भरतो. माथ्यावर हा चौथा हिस्सा वजनातून वजा होतो, तळाशी त्यात मिळवला जातो. २० किलोच्या मुलाला माथ्यावर आपण १५ किलोचे आणि तळाशी २५ किलोचे असल्यासारखे वाटते. दर पाच सेकंदांनी होणारा हा बदल पोटातल्या अवयवांनाही जाणवतो. चाकाचा वेग दुप्पट केला तर हा परिणाम चौपट होतो, म्हणून वेग किती ठेवायचा हे पाळणेवाल्याने नीट सांभाळायचे असते.

पाळण्यात बसण्याआधी आईबापांनी तीन गोष्टी पाहाव्यात: पेटीच्या दाराला खीळ आणि साखळी आहे का, पेटी टांगलेल्या सांध्यात खडखडाट तर नाही, आणि ओढणी, पदर, मोकळे केस आवरलेले आहेत का. फिरत्या यंत्रात कापड अडकणे हा जत्रेतला खरा धोका आहे. फार लहान मुलासाठी जमिनीलगत गोल फिरणारे घोडे आणि मोटारी बऱ्या. तिथे आई कठड्याबाहेरून प्रत्येक फेरीला दिसत राहते.

मौत का कुआँ

फळ्यांच्या उभ्या विहिरीत फिरणारी मोटारसायकल ही जत्रेतली सर्वांत मोठ्या आवाजाची करमणूक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मोटारसायकलींच्या लाकडी शर्यतपट्ट्यांतून हा खेळ निघाला. स्वार आधी तळाच्या उतरत्या फळ्यांवर वेग घेतो आणि मग उभ्या भिंतीवर चढतो. विहिरीचा व्यास ९ मीटर आणि वेग ताशी ४० किलोमीटर धरला, तर भिंत स्वाराला त्याच्या वजनाच्या पावणेतीनपट जोराने आत रेटते. या दाबामुळे टायर आणि फळी यांच्यात जे घर्षण तयार होते, ते त्याला खाली घसरू देत नाही. वेग कमी झाला की दाब कमी होतो, आणि मग घर्षण पुरत नाही. प्रेक्षक वरच्या कठड्यावर उभे असतात. तिथे मुलाला कडेवर घेण्यापेक्षा दोन पावले मागे उभे करणे शहाणपणाचे, आणि बंदिस्त जागेतल्या आवाजासाठी त्याच्या कानांवर हात ठेवणेही.

खाऊ

जत्रेच्या खाऊत टिकाऊ आणि तात्काळ असे दोन वर्ग आहेत. रेवड्या, बत्तासे, फुटाणे, मुरमुरे, गोडीशेव हे टिकतात. म्हणून ते घरी नेऊन शेजारीपाजारी प्रसाद म्हणून वाटायचे. गोडीशेव म्हणजे बेसनाची जाड शेव तळून गुळाच्या किंवा साखरेच्या पाकात घोळलेली. रेवडीचा पाक खुंटीवर टाकून पुन्हा पुन्हा ओढतात; त्यात हवा मिसळते, रंग पांढुरका होतो आणि घट्ट झाल्यावर ती कुरकुरीत लागते. मग तुकडे पाडून तिळात घोळवायचे. भजे, जिलेबी, उसाचा रस, बर्फाचा गोळा हे जागेवर खायचे. उघड्यावरचे पाणी आणि बर्फ मात्र टाळलेलेच बरे. जत्रेहून परतल्यावर होणाऱ्या जुलाबांचे कारण बहुधा त्यांतच असते.

मुलांच्या आवडीचे म्हातारीचे केस हे यंत्राचे पक्वान्न. मधल्या तापलेल्या भांड्यात साखर वितळते. भांडे वेगाने फिरत असल्याने पातळ पाक बारीक छिद्रांतून बाहेर फेकला जातो, हवेत क्षणात थिजतो आणि त्याचे तंतू काडीवर गुंडाळले जातात. म्हणूनच एवढ्या मोठ्या फुग्यातली साखर थोडी असते आणि जिभेवर ती लगेच विरते. हे यंत्र १८९७ मध्ये अमेरिकेत विल्यम मॉरिसन आणि जॉन व्हॉर्टन यांनी बनवले. त्यांतला मॉरिसन दातांचा डॉक्टर होता. १९०४ च्या सेंट लुईस जत्रेत त्यांनी ६८,६५५ पुडे विकले.

खेळणी

पिपाणी, भिरभिरे, डमरू, टिकटिकी, रंगीत चष्मा, फुगे ही जत्रेतली नेहमीची खेळणी. त्यांत पत्र्याची बोट सर्वांत शिकवण देणारी. बोटीच्या पोटात पातळ पत्र्याची डबी असते, आणि तिच्या दोन नळ्या मागे पाण्यात उघडतात. डबीखाली तेलाची वात पेटवली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती नळीतले पाणी मागे ढकलते. बोट पुढे सरकते. वाफ नळीत गार होऊन पुन्हा पाणी होते, पोकळी तयार होते आणि बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पाणी बाहेर पडताना एका दिशेने झोतासारखे जाते, पण आत येताना चहूबाजूंनी येते. म्हणून मागे खेचले न जाता बोट पुढेच जात राहते. पत्रा आत-बाहेर होताना जो टुकटुक आवाज येतो, त्यासाठीच मुले ती मागतात. या युक्तीचे पहिले पेटंट १८९१ मध्ये थॉमस पियो याने घेतले होते. घरी परातीत पाणी भरून ती चालवताना मोठ्याने शेजारी बसणे आवश्यक.

कुस्तीचा फड

दुपारनंतर फड लागतो. लहान जत्रांत पहिल्या कुस्त्या पोरांच्या, रेवडीवर किंवा नारळावर लागतात. पुढे वय आणि वजन वाढत जाते तसे इनामही वाढते, आणि शेवटची मानाची कुस्ती सर्वांत मोठ्या इनामाची. त्यामुळे आठ-दहा वर्षांचे पोर प्रेक्षकांतून उठून आखाड्यात उतरू शकते. हरले तरी त्याला कोणी ना कोणी पैसे देतो. रात्री तमाशाचे फड उभे राहतात. तोवर लेकराला घेऊन आलेली बहुतेक घरे परतीच्या गाडीत बसलेली असतात. एके काळी याच वेळी फिरत्या सिनेमाचे तंबू भरत. ट्रकवरच्या प्रोजेक्टरसह गावोगाव हिंडणाऱ्या महाराष्ट्रातल्या या टॉकीजांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला माहितीपट २०१६ च्या कान महोत्सवात दाखवला गेला. रीळ जाऊन डिजिटल यंत्रे आली आणि मोबाइल घरोघर पोचला, तसा हा धंदा आटला.

गर्दी आणि हरवणे

जत्रेतला ध्वनिक्षेपक दिवसभर मुख्यतः एकच काम करतो: हरवलेल्या मुलांची वर्णने सांगणे. चार वर्षांच्या मुलाला बापाचे नाव विचारले तर ते 'बाबा' म्हणते आणि गाव विचारले तर 'आपलं गाव'. म्हणून निघण्याआधी त्याच्याकडून पूर्ण नाव, गाव आणि तालुका घोकून घ्यावे, आणि खिशात गाव-मोबाइल लिहिलेली चिठ्ठी घालावी. हरवल्यास इकडेतिकडे न धावता आहे तिथेच थांबावे, किंवा गणवेशातल्या पोलिसाकडे वा दुकानातल्या बाईकडे जावे, हे आधी सांगून ठेवावे. भेटीची जागा म्हणून देवळाची दीपमाळ किंवा पोलिसांची चौकी ठरवावी; पाळणा ठरवू नये, कारण पाळणे अनेक असतात. मुलांसाठी १०९८ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक लक्षात असावेत. प्रयागच्या माघमेळ्यात राजाराम तिवारी यांनी १९४६ मध्ये हरवलेल्यांसाठी शिबिर सुरू केले.

गर्दी जीवघेणीही ठरते. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यात मांढरदेवीच्या यात्रेत अरुंद, ओल्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन सुमारे ३०० माणसे दगावली. यातून आईबापांनी घ्यायचा धडा असा: मुख्य मिरवणुकीच्या वेळी मुलाला घेऊन पायऱ्यांवर, पुलावर किंवा अरुंद बोळात शिरू नये, आणि रेटा वाढला की उलट दिशेने न जाता कडेकडेने बाहेर निघावे.

हिशेब

आजी, मामा, चुलते जत्रेला जाणाऱ्या मुलाच्या हातावर थोडे पैसे ठेवतात. हे पैसे त्याचे. आईबाप प्रवास, नारळ आणि जेवणाचा खर्च करतात; पाळणा आणि खेळणे मुलाच्या पैशातून. ठरलेल्या रकमेत दोन पाळणे आणि एक पिपाणी, की एक पाळणा आणि बोट, हे त्यालाच ठरवायचे असते. 'अजून एकच चक्कर' हा हट्ट करताना त्याला मुठीतले पैसे कमी होताना दिसतात. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय जत्रेतल्या टपऱ्यांवरही आली आहे. मोठ्यांना ती सोयीची असली तरी मुलाला त्यात पैसा संपताना दिसत नाही, म्हणून त्याच्यापुरते सुटे बरोबर नेणे चांगले. खेळणे शेवटी घ्यावे. तोवर चार दुकानांत भाव कळतो, आणि पिपाणी पाळण्यात बसताना मोडत नाही.

जत्रेचा फिरता संसार

मूल जे पाहते ते त्या मैदानापुरते नसते. पाळणेवाले, मिठाईवाले, खेळणीवाले दसऱ्यापासून चैत्र-वैशाखापर्यंत एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जातात. त्यांच्या सोबतची मुले पाळण्याखालीच वाढतात आणि त्यांच्या शाळेचा प्रश्न या धंद्याला जडलेला आहे. एका ठिकाणचा मुक्काम हलवताना पाळणा उकलून ट्रकवर चढवायचा आणि पुढच्या मैदानावर पुन्हा उभा करायचा, हे काम मुख्यतः रात्री होते. पावसाळ्यात चिखल आणि पेरण्यांमुळे जत्रा भरत नाहीत. तेव्हा लोखंड रंगवले जाते, सांध्यांना वंगण घातले जाते, झिजलेले बोल्ट बदलले जातात. पुढच्या दसऱ्याला हिंगोलीसारख्या मैदानावर पाळणा पुन्हा उभा राहतो आणि हंगाम नव्याने सुरू होतो.